वसाहतकालीन सुंदानी काष्ठशिल्प : ‘वायांग गोलेक’ आणि कारागिराच्या नावाचा प्रश्न

प्रस्तावना

इंडोनेशियातील बांडुंग हे शहर १९५५ च्या आशिया-आफ्रिका परिषदेमुळे भारतीय वाचकांस परिचित आहे. या शहराभोवतीचा पश्चिम जावातील डोंगराळ प्रदेश ‘प्रियांगन’ या नावाने ओळखला जातो. तेथील सुंदानी समाजाची भाषा व परंपरा मध्य जावातील जावानी समाजाहून भिन्न आहेत. ‘वायांग गोलेक’, म्हणजे काठ्यांच्या साह्याने खेळविल्या जाणाऱ्या लाकडी बाहुल्यांचे नाट्य, ही या समाजाची प्रमुख कला होय. सुंदानी समाज बहुसंख्येने इस्लामधर्मीय असूनही या नाट्याच्या ‘पूर्वा’ प्रकारात रामायण-महाभारतातील कथाच सादर होतात. खेळ करणाऱ्या ‘दालांग’ची कीर्ती दूरवर पसरते, बाहुली कोरणारा मात्र बहुधा अज्ञातच राहतो. डच वसाहतकाळात हे काष्ठशिल्प कसे आकारास आले आणि त्याच्या कर्त्याचे नाव इतिहासातून का गळाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

रस्ता, कॉफी आणि राजाश्रय

गव्हर्नर-जनरल डेंडेल्स याने १८०८ नंतर जावाच्या पश्चिम टोकापासून पूर्वेकडे सुमारे १,००० कि. मी. लांबीचा टपालमार्ग वेठबिगारीने बांधून घेतला. हा मार्ग प्रियांगनच्या डोंगरांतून जात असल्याने १८१० मध्ये बांडुंगच्या रीजंटाचे ठाणे मार्गालगतच्या नव्या जागी हलविण्यात आले. रीजंट म्हणजे डच सत्तेने कायम ठेवलेला स्थानिक सरदार. सक्तीच्या कॉफी लागवडीतील ठरावीक वाटा त्यास मिळत असे. दरबारी कलांना मिळालेल्या आश्रयामागे शेतकऱ्यांच्या कष्टांवर उभे असलेले हे उत्पन्न होते, ही बाब नजरेआड करता येत नाही.

सुंदानी परंपरेनुसार, रीजंट विरानाताकुसुमा तिसरा (कारकीर्द १८२९-१८४६) याने चिबिरू येथे स्थायिक झालेल्या की दर्मान या कारागिरास लाकडी बाहुल्या घडविण्याची आज्ञा दिली. दर्मान मूळचा मध्य जावातील तेगालचा असून चर्मबाहुल्यांच्या कामात निष्णात होता. त्याच्या आरंभीच्या लाकडी बाहुल्या चर्मबाहुल्यांप्रमाणे चपट्या होत्या व पुढे त्यांस गोलाई येत गेली, असे सांगितले जाते.

ही मौखिक परंपरा आहे. ती तपासूनच स्वीकारली पाहिजे. काठीबाहुल्यांचा शोध दर्मानने लावला, असा तिचा अर्थ घेता येणार नाही. जावावरील ब्रिटिश अंमलाच्या काळात (१८११-१८१६) रॅफल्सने जमविलेल्या व १८५९ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळालेल्या संग्रहात अशा बाहुल्या आहेत. उत्तर किनाऱ्यावर, विशेषतः चिरेबोन परिसरात, अमीर हम्झाच्या कथा सादर करणारी काठीबाहुल्यांची स्वतंत्र परंपराही आहे. त्यामुळे दर्मानचे श्रेय मर्यादित, तरीही महत्त्वाचे ठरते : महाभारतातील पात्रांना प्रियांगनमध्ये लाकडी देह देण्याच्या प्रारंभाशी त्याचे नाव निगडित आहे.

शिल्परचना

या कामासाठी हलके, मऊ लाकूड वापरतात. सुंदानी भाषेत ‘लामे’ म्हटला जाणारा वृक्ष म्हणजे आपल्याकडील सातवीण. याच वृक्षाच्या लाकडापासून भारतात लिहिण्याच्या पाट्या केल्या जात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ हा शब्द आला. मस्तक, धड व हात स्वतंत्रपणे कोरले जातात. धडातून आरपार जाणाऱ्या काठीवर मस्तक बसते, त्यामुळे मान फिरविता येते. हातांना बारीक काठ्या जोडलेल्या असतात आणि कमरेखालचे वस्त्र दालांगचा हात झाकते.

कारागिराचे खरे कौशल्य मुखात दिसते. चर्मबाहुलीत मुख एका बाजूनेच दिसते; लाकडात ते सर्व बाजूंनी घडवावे लागते. अर्जुनासारख्या संयमी वीराची मान किंचित झुकलेली, डोळे अरुंद व नाक सडपातळ असते. घटोत्कचासारख्या योद्ध्याची नजर समोर रोखलेली आणि डोळे मोठे असतात, तर राक्षसाचे डोळे बटबटीत व सुळे बाहेर आलेले असतात. मानेचा कल थोडा बदलला तरी पात्राचा स्वभाव बदलतो. म्हणजेच कारागिराला कथा आणि पात्रांची नीती दोन्ही अवगत असावी लागते. त्याला केवळ सुतार मानणे योग्य होणार नाही.

प्रदर्शन, संग्रहालय आणि अनामिकता

१८७१ च्या प्रशासकीय फेररचनेनंतर रीजंटांचा कॉफीतील वाटा संपून त्यांस वेतन मिळू लागले. याच सुमारास सुंदानी कला युरोपीय प्रदर्शनांत पोहोचल्या. पाराकान सालाक या चहामळ्यातील वाद्यवृंद १८८३ मध्ये आम्स्टरडॅमला व १८८९ मध्ये पॅरिसला गेला. स्वामी विवेकानंदांनी जिच्यात भाषण केले ती सर्वधर्म परिषद १८९३ च्या ज्या शिकागो प्रदर्शनानिमित्त भरली, तेथेही चहामळेवाल्यांच्या पुढाकाराने ‘जावा खेडे’ उभारले होते. वस्तुतः त्यातील कलावंत मुख्यत्वे सुंदानी होते. ‘जावा’ या एका शब्दाने प्रथम त्यांची प्रादेशिक ओळख पुसली.

कारागिराची ओळख संग्रहालयांच्या नोंदवहीत पुसली गेली. पात्राचे नाव, प्रदेश, देणगीदार व प्राप्तीचे वर्ष हे रकाने भरले जात. बाहुली कोणी कोरली याची नोंद सामान्यतः होत नसे. वस्तूकडे व्यक्तीची कलाकृती म्हणून न पाहता ‘जमातीचा नमुना’ म्हणून पाहण्याची ही वसाहतवादी दृष्टी होती. तथापि सर्व दोष तिच्या माथी मारता येत नाही. दर्मानचे नाव टिकले ते रीजंटाच्या आज्ञेशी जोडले गेल्यामुळे. ज्यांना असा आश्रयदाता लाभला नाही, त्यांची नावे स्थानिक स्मृतीनेही क्वचितच जपली.

निष्कर्ष

युनेस्कोने २००३ मध्ये वायांग नाट्यास मानवजातीच्या अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून गौरविले व २००८ मध्ये आपल्या वारसा यादीत समाविष्ट केले. हा गौरव परंपरेचा आहे. ती घडविणारे हात अद्याप बव्हंशी अनामिक आहेत. लिखित साधन नसेल तेथे लाकडाची निवड, मानेचा कल आणि डोळ्यांची कोरणी यांनाच साधन मानून कारागिरांच्या शैली वेगळ्या काढणे, हा इतिहासलेखनाचा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग अधिक सोपा, परंतु निकडीचा आहे. आपले विद्यार्थी क्षेत्रपाहणीसाठी जातात तेव्हा वस्तूचे नाव, वय व आकार यांच्या जोडीला ‘घडविणाऱ्याचे नाव’ हा रकाना त्यांच्या तक्त्यात असलाच पाहिजे. तो रकाना एकदा रिकामा राहिला की पुढे भरणे किती कठीण होते, हे सुंदानी बाहुल्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.