दर्यावरील चित्रीकरण आणि कोळ्यांची बोली

समुद्रावरील मासेमारीचा चित्रपट पाहताना प्रेक्षकाचे लक्ष लाटांकडे जाते. त्या लाटांवर कॅमेरा व ध्वनिमुद्रणयंत्र नेताना कोणती तडजोड करावी लागली, हे पडद्यावर दिसत नाही. चित्रपट वास्तवाशी किती प्रामाणिक राहिला, याचा निर्णय मात्र पुष्कळदा त्या तडजोडीवरून करावा लागतो.

जॉन ग्रिअर्सन यांचा हेरिंगच्या मासेमारीवरील ‘ड्रिफ्टर्स’ (१९२९) हा मूकपट होय. त्यातील नौकेची खोली किनाऱ्यावर उभारलेली होती व पाण्याखालील मासे प्लिमथ येथील सागरी संशोधन केंद्राच्या टाकीत टिपलेले होते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी ‘मॅन ऑफ ॲरन’साठी (१९३४) लुप्त झालेली शार्कची शिकार बेटवासीयांना नव्याने शिकविली, त्यांचे आवाज मागाहून लंडन येथे मुद्रित झाले. लुकिनो व्हिस्कोंती यांनी ‘ला तेर्रा त्रेमा’मध्ये (१९४८) सिसिलीच्या मच्छीमारांना त्यांच्याच बोलीत बोलू दिले, परंतु ती इतर इटालियनांस उमगेना, म्हणून प्रमाण भाषेतील निवेदन जोडावे लागले. सारांश, किनाऱ्यावर परतताना प्रत्येक वेळी काहीतरी गमावले गेले, आणि त्यात बोलीचा वाटा मोठा होता.

मुंबईच्या किनाऱ्यावर या अडचणींत भरती-ओहोटीची भर पडते. डोल हे पिशवीसारखे जाळे समुद्रात एका जागी बांधतात. पाण्याच्या ओढीने त्याचे तोंड उघडे राहते व मासळी आत शिरते. उधाणात काम जोरात चालते, भांगाच्या दिवसांत ते मंदावते. जाळे ओढण्याची वेळ पाणी ठरविते, प्रकाश नव्हे. लहान होडीत खलाशांच्या आड न येता उभे राहणे कठीण; इंजिनाच्या घरघरीत शब्द बुडतात; आणि एकदा ओढलेले जाळे कॅमेऱ्यासाठी पुन्हा ओढता येत नाही.

या पार्श्वभूमीवर सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’ या मुंबईतील दोन कोळी मित्रांवरील अनुबोधपटाचे महत्त्व ध्यानी येते. सनडान्स महोत्सवात २०२३ मध्ये त्यास परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. एक मित्र वडिलोपार्जित रीतीने किनाऱ्यालगत जाळे टाकतो. दुसरा खोल समुद्रात जातो व कर्जाच्या ओझ्याखाली एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे वळतो. या पद्धतीवर केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली होती. घटत्या मासळीने मैत्रीत आलेला ताण येथे निवेदकाच्या भाषेतून नव्हे, तर त्या दोघांच्या बोलण्यातून कळतो.

‘उधाण’, ‘भांग’, ‘डोल’ हे शब्द व्यवसायाच्या आधाराने जगतात. पुढील पिढीने होडी सोडली, तर ते कोशात उरतील. पण ते कोणत्या घाईत व कोणत्या स्वरात उच्चारले जात, हे कोश सांगू शकणार नाही. म्हणून अशा चित्रपटांच्या अभ्यासकाने चित्राइतकेच ध्वनीकडेही लक्ष दिले पाहिजे.