कलम ४ आणि आमच्या गल्लीची यादी

मे २०२० संपत आला होता. पप्पांना कंपनीतून फोन आला, सोमवारपासून या. कंपनी म्हणजे भोसरी एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. दोन सीएनसी, चार लेथ, वीसेक माणसं. दोन महिने घरी बसून पप्पा इतके वैतागले होते की त्यांनी त्याच रात्री डबा घासून ठेवला. अट एकच होती, गेटवर मोबाइलमध्ये आरोग्य सेतू दाखवायचं.

पप्पांकडे बटणांचा फोन. मी माझा काच तडकलेला जुना अँड्रॉइड काढला आणि ॲप टाकलं. नाव, वय, लिंग, व्यवसाय, गेल्या ३० दिवसांत कोणकोणत्या देशांत जाऊन आलात. या प्रश्नाला पप्पा हसले. म्हणाले, "चाकण लिही." मग ब्लूटूथ चालू, लोकेशन कायम चालू. "हे दिसतं कोणाला रे?" त्यांनी विचारलं. मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, पण मी छाती काढून सांगितलं, "कोणाला नाही पप्पा, सगळं एन्क्रिप्टेड असतं." खरं तर मला काहीही माहीत नव्हतं.

१ मे २०२०च्या आदेशात केंद्रीय गृह मंत्रालयानं हे ॲप सरकारी आणि खासगी, सगळ्याच कर्मचाऱ्यांना सक्तीचं केलं होतं. १७ मेच्या आदेशात ती सक्ती सैल झाली आणि मालकांनी शक्य तितका प्रयत्न करावा एवढंच उरलं. पण आदेश दिल्लीत सैल झाला म्हणून भोसरीतल्या गेटवरचा वॉचमन सैल होत नाही. त्याच्या वहीत आरोग्य सेतूचा रकाना आखलेला होता आणि तो त्याला भरायचा होता.

याच्या महिनाभर आधीची गोष्ट. एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ फिरत आली. पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर. मी दोन बोटांनी झूम करत आमची गल्ली शोधली. सापडली. तीन घरं सोडून राहणाऱ्या काकू. मी ती यादी आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'काळजी घ्या.' दोन मिनिटांचं काम. काकू पंधरवड्यानं बऱ्या होऊन परत आल्या, तेव्हा दूधवाला पिशवी कोपऱ्यावरच ठेवून जायला लागला होता. त्यांच्या नातवाला पुढे कित्येक दिवस कोणी खेळायला घेतलं नाही.

लॉकडाउनमध्ये वेळ भरपूर होता, म्हणून मी चिंचवडच्या चापेकरांबद्दल वाचायला घेतलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी रोज चापेकर चौकातून गेलो. तिथले पुतळे माझ्यासाठी बस वळण्याची खूण होती, त्यापलीकडे काही नाही. शाळेत एक ओळ शिकवलेली, चापेकर बंधूंनी रँडला मारलं. का मारलं, तर प्लेगमध्ये त्यानं अत्याचार केले. अत्याचार म्हणजे नेमकं काय, हे सरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा मंजूर झाला. आकारानं हा कायदा अगदी चिमुकला, फक्त चार कलमं. पहिल्यात नाव. दुसऱ्यात सरकारला अधिकार की साथ रोखायला आवश्यक वाटतील ते नियम करा. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. आणि चौथं असं की या कायद्याखाली सद्भावपूर्वक केलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कोणावरही दावा किंवा कारवाई करता येणार नाही. झाला कायदा. घरात शिरलेला माणूस बाहेर कधी पडणार, त्यानं आत काय केलं ते कोण तपासणार, याबद्दल एक अक्षर नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर ॲडमिनचा ॲक्सेस देऊन टाकला, पण त्याला ना एक्सपायरी, ना लॉग.

या कायद्याच्या जोरावर वॉल्टर चार्ल्स रँड हा आयसीएस अधिकारी पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख झाला आणि मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या. गोरे सैनिक बुटांसकट माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात. प्लेगची गाठ येते जांघेत, काखेत, मानेवर. म्हणजे तपासणी करायची तर कपडे बाजूला करायलाच हवेत. बायकांची तपासणीही पुरुष सैनिकांसमोर, कधी चार लोकांच्या देखत झाल्याच्या तक्रारी होत्या. रोगी इस्पितळात, त्याच्या घरचे गावाबाहेरच्या छावणीत, घराची जमीन खणायची, सामान जाळायचं, भिंतींना चुना. तिकडे मुंबईत राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर 'यूएचएच' ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवली जात.

दुसरी बाजू नव्हती असं नाही. लोक रोगी लपवत होते, माळ्यावर, कोठारात. प्लेग खरा होता आणि माणसं पटापट मरत होती. सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला गेल्या. टिळकांनी 'केसरी'तून झडत्यांच्या पद्धतीवर झोड उठवली, पण प्लेगचे उपायच नकोत असं ते म्हणत नव्हते. हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ चालवायला त्यांनी स्वतः पुढाकार घेतला. प्रश्न दार उघडायचं की नाही हा नव्हताच. आत आलेल्या माणसावर दाराचे काही नियम लागू होतात का, हा होता.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागली ती गोखल्यांची गोष्ट. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. गदारोळ झाला. पुरावा द्या, असं सरकारनं म्हटलं. गोखले परत आले, पण पुरावा देता येईना आणि त्यांना जाहीर बिनशर्त माफी मागावी लागली. आता १८९७मधल्या पुण्यातली एखादी बाई, जिच्या घरातलं सगळं आधीच चव्हाट्यावर आलंय, ती सरकारी कागदावर स्वतःचं नाव घालून परत एकदा चव्हाट्यावर येईल का? खासगीपणा मोडल्याची तक्रार करायची, तर उरलासुरला खासगीपणाही द्यावा लागतो. इतिहासात गोखल्यांच्या माफीची तारीख सापडते, त्या बायकांचं काहीच सापडत नाही.

पुढचं माहीत असतं सगळ्यांना. २२ जून १८९७ला व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिने. दामोदरला १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फाशी, पुढच्या वर्षी बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे यांनाही. दामोदर म्हणजे आजच्या अर्थानं हक्कांची लढाई लढणारा कोणी नव्हे. तो कर्मठ होता, सुधारकांवर त्याचा तितकाच राग होता. त्याच्या घरी आमच्यासारख्यांना ओसरीच्या आत घेतलं असतं का, अशी मला शंका आहे. पण घरात घुसणाऱ्याला जाब विचारायची कुठलीच कायदेशीर जागा कलम ४नं ठेवली नव्हती, हेही तितकंच खरं.

रँड गेला, इंग्रज गेले, कायदा राहिला. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात कोविडचे नियम निघाले ते याच १८९७च्या कायद्याखाली. त्याच महिन्यात होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचे शिक्के मारायला सुरुवात झाली. घरांच्या दारांवर पोस्टरं लागली. अशी पोस्टरं सरसकट लावता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगेपर्यंत ९ डिसेंबर २०२० उजाडला. त्याच वर्षी साथरोग कायद्यात दुरुस्तीही झाली, डॉक्टर-नर्सवर हल्ले करणाऱ्यांना कडक शिक्षा आली, आणि ते हवंच होतं. कलम ४ मात्र जिथल्या तिथे.

तेही २४ ऑगस्ट २०१७नंतर. त्या दिवशी न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेत नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं होतं. त्या निकालात साथीचाही विचार आहे. माणसाची ओळख गुप्त ठेवून सरकार आरोग्याची माहिती गोळा करू शकतं, असं त्यात म्हटलंय. आमच्या गल्लीच्या यादीत ओळख सोडून दुसरं काही नव्हतंच.

आरोग्य सेतूची रँडशी थेट तुलना करणारे लेख मी तेव्हा आवडीनं शेअर केले होते. आता नाही करणार. पप्पांचे कपडे कोणी काढले नाहीत. ११ मे २०२०ला सरकारनं माहिती वापरायचे नियम काढले, १८० दिवसांची मर्यादा घातली, २६ मेला अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. रँडनं यातलं काही केलं नव्हतं. फरक एवढाच की बूट ऐकू येतात.

आणि बूट घालणारे आम्हीपण आहोत. २०२२मध्ये मी एका कंपनीसाठी कंत्राटी कामगारांच्या हजेरीचं ॲप बनवलं. सेल्फी, लोकेशन, वेळ. कामगार सोडून गेला की रेकॉर्ड डिलीट व्हायचं. म्हणजे आम्ही 'डिलीटेड' नावाच्या रकान्यात 'हो' लिहायचो. फोटो सर्व्हरवरच राहायचा. कोणी वाईट हेतूनं केलं नाही हे. पुढे लागला तर, एवढंच. सद्भावपूर्वक.

ऑगस्ट २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियम आल्यापासून १८ महिन्यांची मुदत. मी तो सगळा वाचला, कामाचाच भाग आहे. कलम १७मध्ये सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. कलम ३५मध्ये केंद्र सरकार, मंडळ आणि त्यांचे अधिकारी यांनी सद्भावपूर्वक केलेल्या गोष्टींबद्दल दावा करता येणार नाही. ओळखीचं वाक्य भेटलं की बरं वाटतं म्हणतात, मला नाही वाटलं.

त्याच कायद्याचं कलम ३ सांगतं की एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. फॅमिली ग्रुप म्हणजे घरगुतीच की.

परवा फोन बदलताना बॅकअपमध्ये ती पीडीएफ सापडली. काकूंचं नाव, तेव्हाचं वय, नंबर. माझ्या फोनमधून काढली, क्लाउडमधून काढली. ग्रुपवर एप्रिल २०२०पर्यंत मागे गेलो. 'काळजी घ्या' होतं, खाली मामांचा अंगठा होता. सर्वांसाठी डिलीट करायचा पर्याय आता येत नाही. ग्रुपमध्ये सतरा जण आहेत. मी मामांना फोन लावला आणि ती फाइल काढायला सांगितली. ते म्हणाले, "कुठली यादी? अरे, ती तर मी तेव्हाच ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती."