रुसलेले इंजिन आणि नालवाडीची कसोटी

जे यंत्र कायमचे बंद पडते त्याचा दोष हुडकणे सोपे असते. परंतु जे काल चालले, आज सकाळी अडले आणि दुपारी पुन्हा निमूटपणे चालू लागले, त्याच्यापुढे भल्याभल्यांची मती कुंठित होते. मोटारीचे इंजिन असे वागू लागले म्हणजे आपण त्यास लहरी म्हणतो. वस्तुतः लहर यंत्रास नसते. कारण असते, आणि ते आपल्या दृष्टीआड असते इतकेच. ते दृष्टीआड कसे गेले हे पाहणे उद्बोधक आहे.

१९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीपुढे उभे राहून हँडल मारावे लागे. आधी ठिणगी उशिरा पडेल अशी व्यवस्था करावयाची; त्यात चूक झाली तर हँडल उलट उसळून मनगट मोडावयाचे. श्रम खरेच, पण त्या श्रमात परीक्षाही होती. हँडल फारच हलके फिरले तर सिलिंडरातील दाब गेला, जड फिरले तर थंडीने तेल घट्ट झाले, आणि चार कॉइलींपैकी एखादीची गुणगुण ऐकू आली नाही तर दोष तेथे, असे चालकाचे हात व कानच त्यास सांगत.

१९१२ साली केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला. फोर्डनेही तो १९१९ पासून देऊ केला. मनगटे वाचली, मात्र त्याबरोबर हाताला होणारे ज्ञानही संपले.

आता दोष शोधावयाचा तो क्रमाने. कळ दाबली असता इंजिन फिरते काय, हा पहिला प्रश्न. न फिरल्यास बॅटरी, तिच्या टोकांवर साचलेला क्षार, सैल तार व स्टार्टर तपासावेत. फिरूनही पेटत नसल्यास इंधन व ठिणगी. पण दोष अधूनमधून होणारा असेल तर खरी परीक्षा तो प्रकट असतानाच होते. कारखान्यात नेताच इंजिन सुरू झाले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून जाणता कारागीर आधी विचारतो: इंजिन थंड होते की तापलेले? पाऊस होता की ऊन? गाडी किती वेळ उभी होती? मग तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो. जो अनेक भाग एकदम बदलतो त्याच्या हातून दोष गेला तरी कारण कळत नाही, आणि खर्च मात्र धन्याच्या माथी बसतो. आजच्या मोटारीतील संगणक पुष्कळ दोषांची नोंद ठेवतो. पण क्षणभर संपर्क सोडणारी तार त्याच्याही नजरेतून सुटू शकते.

यंत्राची दुरुस्ती कोणाच्या आवाक्यात असावी, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे चरख्याच्या निमित्ताने झाला. अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी आणि वार्षिक दुरुस्ती किमतीच्या शेकडा ५ हून अधिक नसावी, अशा अटी होत्या. यंत्र किती काम करते एवढ्यावर न थांबता, ते बिघडल्यावर काय करावयाचे हेही तेथे आधीच विचारले गेले.

१९३२ च्या डिसेंबरात विनोबा वर्ध्यास लागून असलेल्या नालवाडीस राहावयास गेले. १९३४ साली तेथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. सूत कातून त्या मजुरीवर निर्वाह होतो काय, याचा अनुभव त्यांनी तेथे स्वतः घेतला. धागा वारंवार तुटू लागला तर चाती वाकली, माळ ढिली पडली, पेळू खराब निघाला की हात चुकला, हे कातणाऱ्यास जागच्या जागी पाहता येई; आणि धागा तुटला की त्याची मजुरीच तुटत असल्याने ते पाहणे त्यास भागच होते.

मोटारीचा चरखा होणार नाही, आणि हँडलाचे दिवस परत यावेत असेही कोणी म्हणणार नाही. परंतु नालवाडीच्या कातणाऱ्याप्रमाणे आपणही इंजिन अडले ती वेळ, ते हवामान आणि तो आवाज टिपून ठेवू शकतो. एवढी माहिती घेऊन जो कारागिराकडे जाईल, त्याच्या मोटारीचे निदान तर्कावर राहणार नाही.