झाई: टोकाला आलेलं गाव

जव्हारच्या डोंगरात बसून आज आपण समुद्राकाठच्या एका गावाबद्दल बोलतोय. तलासरी तालुक्यातलं झाई, महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तर टोक.

आता बघा, १९६० पूर्वी झाई टोकाला नव्हतंच. तेव्हा पलीकडचं उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होतं. द्वैभाषिक मुंबई राज्याचं विभाजन झालं, आणि उंबरगाव तालुक्यातली ४७ गावं नि ३ शहरं गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली; १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. म्हणजे जागचं न हलता झाई कडेला आलं.

विभागणीचा निकष भाषेचा. पण वारली माणूस रेषेच्या दोन्हीकडे आहे, त्याची बोली कुठल्या खान्यात घालायची? १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उंबरगाव आणि डहाणूचे वारली एकत्रच उठले होते.

राज्य म्हटलं की सीमा आली, हे आपण मान्य करू. पण ‘टोक’ हा शब्द राजधानीतून बघणाऱ्याचा. जव्हार-मोखाड्यालाही आपण सहज ‘दुर्गम’ म्हणतो. कुणाला दुर्गम, हे विचारतच नाही.