फुर्टव्हेंगलर यांची नववी सिम्फनी : ध्वनिमुद्रणाची साक्ष कितपत ग्राह्य?

१/ मार्च १९४२, बर्लिन. विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने बेथोव्हनची नववी सिम्फनी सादर केली. जर्मन नभोवाणीने ती चुंबकीय फितीवर मुद्रित केली. या ध्वनिमुद्रणात राजवटीविरुद्धचा दबलेला संताप ऐकू येतो, असे अनेक रसिक मानतात. हे मान्य केले, तर ती एका माणसाच्या बाजूची साक्ष ठरते. म्हणून तिची उलटतपासणी आवश्यक.

२/ प्रथम चरित्र. हिंदेमिथ या संगीतकाराची जाहीर बाजू घेतल्यावर १९३४ मध्ये फुर्टव्हेंगलर यांना आपली पदे सोडावी लागली. ते नाझी पक्षाचे सदस्य कधीच झाले नाहीत; अनेक ज्यू वादकांना त्यांनी साहाय्य केले. मात्र ते जर्मनीतच राहिले. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येला, त्यांनी हीच सिम्फनी सादर केली. गोबेल्सने त्यांच्याशी केलेले हस्तांदोलन चित्रफितीत टिपलेले आहे.

३/ आता तुलना. मे १९३७ मध्ये याच वाद्यवृंदासह त्यांनी लंडनमध्ये सादर केलेली नववी सिम्फनीही ध्वनिमुद्रित आहे. अतिसंथ तिसरा भाग आणि बेभान वेगाचा शेवट ही वैशिष्ट्ये तेथेही आढळतात. तेव्हा महायुद्ध सुरू झालेले नव्हते. अर्थात, केवळ लयीवरून १९४२ चा संताप सिद्ध होत नाही.

४/ मग नगाऱ्यांचा तो भयावह गडगडाट? वादनात प्रचंड जोर आहेच. परंतु मोठ्या आवाजाच्या जागी मुद्रणही फाटते. त्या कर्कशपणात वादकांचा आवेश किती आणि यंत्राची मर्यादा किती, हे निव्वळ कानांनी वेगळे करणे कठीण.

५/ २९ जुलै १९५१. युद्धानंतर प्रथमच भरलेल्या बायरॉइट महोत्सवाचा प्रारंभ याच सिम्फनीने झाला. त्या प्रसंगाची ईएमआयची तबकडी फुर्टव्हेंगलर यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि कीर्तिमान ठरली. अर्धशतकानंतर बव्हेरियन नभोवाणीच्या संग्रहातील फीत बाहेर आली, तेव्हा दोहोंत फरक आढळले. प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण कोणते, तालमीतील अंश कोठे जोडले गेले, यावर वाद झडला. ‘थेट मैफल’ ही वेष्टनावरील नोंदही तपासूनच स्वीकारावी लागते.

६/ डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनच्या चौकशी मंडळापुढे फुर्टव्हेंगलर यांची सुनावणी झाली. पुढे ते दोषमुक्त ठरले आणि मे १९४७ मध्ये पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले. तेथे विचार झाला तो त्यांच्या वर्तनाचा. १९४२ चे वादन असामान्य आहे, हे निःसंकोच म्हणता येते. ते वाजवून घेणाऱ्याच्या मनात काय होते, हे मात्र त्या फितीवर मुद्रित झालेले नाही.