दोन तारा, एक अंगठा

जॅझ गिटारवर एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी छेडण्याची पद्धत आज वेस माँटगोमेरीच्या नावाने ओळखली जाते. तिचा उगम शोधायला मात्र आपल्याला १९३०च्या दशकातल्या पॅरिसमध्ये जावे लागते. तिथला गिटारवादक जँगो राइनहार्ट १९२८ साली आगीत भाजला होता आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली होती. साथीदार स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनपुढे गिटारचा आवाज पडू नये म्हणूनही असेल, तो मधूनच एखादी ओळ अशी दुहेरी वाजवून जाई. अमेरिकेत आवाजाचा प्रश्न विजेने सोडवला. गिब्सनची ईएस-१५० ही इलेक्ट्रिक गिटार १९३६ मध्ये आली आणि बेनी गुडमनच्या ताफ्यातल्या चार्ली ख्रिश्चनने तिला सॅक्सोफोनच्या पंगतीत बसवले. तो १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने गेला.

त्याच सुमारास इंडियानापोलिसमध्ये विशीच्या उंबरठ्यावरचा वेस ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून एकेक सोलो पाठ करत होता. त्याला नोटेशन वाचता येत नसे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पिक ठेवून दिले आणि अंगठ्याने वाजवू लागला, असे सांगतात. कारण काहीही असो, त्या मांसल स्पर्शाने स्वराची धार गेली आणि गोलाई आली. मधली तार बोटाने दाबून मुकी ठेवायची आणि अलीकडची-पलीकडची एका झटक्यात छेडायची, ही कसरत अंगठ्याला मानवली. जँगोकडे जी नक्षी होती, तिचे वेसने बांधकाम केले: आधी एकेरी स्वर, मग सप्तकांच्या जोड्या, शेवटी भरगच्च कॉर्ड. माझ्या मते त्याची खरी थोरवी या चढत्या रचनेत आहे. सात मुलांचा हा बाप दिवसा कारखान्यात राबे, रात्री क्लबमध्ये वाजवी. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने त्याला ऐकले आणि रिव्हरसाइड कंपनीला कळवले. जानेवारी १९६० मध्ये ‘द इनक्रेडिबल जॅझ गिटार’ ध्वनिमुद्रित झाली.

पुढे निर्माता क्रीड टेलरच्या हाताखाली लोकप्रिय गाण्यांच्या सुरावटी याच जोड्यांत वाजू लागल्या. जॅझचे कट्टर चाहते कुरकुरले, रेकॉर्डी खपल्या. १५ जून १९६८ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, वेस हृदयविकाराने गेला. जॉर्ज बेन्सनच्या १९७६च्या ‘ब्रीझिन’मधून ही पद्धत रेडिओवर घरोघरी पोचली. आज जॅझ गिटार शिकणारा प्रत्येक जण या जोड्या गिरवतो, बहुतेक जण पिकनेच.