फटीतला डोळा आणि चारचौघांची नजर : ‘पाठलाग’च्या निमित्ताने

मराठी समीक्षेने रहस्यकथेची दखल क्वचितच घेतली आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे दोन पिढ्यांच्या ओठांवर राहिली, तरी ‘रंजनपर’ हा शेरा मारून त्या साऱ्या वाङ्मयाला दाराबाहेर ठेवले गेले. रहस्यपटाच्या वाट्याला तर तेवढाही शेरा आला नाही. वास्तविक ‘पाहणे’ या क्रियेचा नैतिक विचार करायला रहस्यपटाइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. प्रस्तुत लेखात राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटाच्या आधारे हा विचार करावयाचा आहे. पाश्चात्त्य अभिजात रहस्यपटात चोरून पाहणारा डोळा एकट्याचा असतो. मराठी रहस्यपटात तो चारचौघांचा होतो, आणि म्हणूनच तो चोरटा वाटेनासा होतो, असे येथे म्हणावयाचे आहे.

१

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ (१९५४) या चित्रपटाचा नायक छायाचित्रकार आहे. पाय मोडल्यामुळे तो चाकाच्या खुर्चीला खिळला आहे आणि वेळ जात नाही म्हणून समोरच्या इमारतीतील खिडक्या न्याहाळतो आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीतून, मग कॅमेऱ्याच्या लांब भिंगातून. एका खिडकीतील बाई दिसेनाशी होते आणि उत्कंठेला प्रारंभ होतो. प्रेक्षक त्याच खुर्चीला खिळलेला असतो. नायकाला जे दिसते तेवढेच त्यालाही दिसते. शेवटी ज्याच्याकडे आपण इतका वेळ पाहत आलो तो खुनी मान वळवून आपल्याकडे पाहतो, आणि नायकाच्या खोलीत येऊन, तुला माझ्याकडून हवे तरी काय, अशा अर्थाचा प्रश्न करतो. तो प्रश्न प्रेक्षकालाही लागू पडतो. पाहणाऱ्याला पाहिले जाण्याची भीती घालणे, ही या प्रकारच्या चित्रपटाची नैतिक कृती होय.

लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चित्रपटीय सुखाचा संबंध पुरुषी नजरेशी जोडला, तेव्हा त्यांच्यापुढे हिचकॉकचे हेच चित्रपट होते. स्त्री ही पाहिली जाणारी आणि पुरुष हा पाहणारा, ही त्यांची मांडणी आज सर्वपरिचित आहे. परंतु ती जशीच्या तशी उचलून मराठी चित्रपटाला लावली, तर एक महत्त्वाची गोष्ट निसटते. आपल्याकडे एकांत ही वस्तूच दुर्मीळ. वाड्यात, चाळीत, वस्तीवर कोण कोणाकडे येते-जाते हे सर्वांना ठाऊक असते. तेथे फटीतून पाहणाऱ्या एकट्या डोळ्याला फारसे काम उरत नाही. पाहण्याचे काम समाज उघडपणे करतो, आणि त्या पाहण्याला तो ‘न्याय’ असे नाव देतो.

२

‘पाठलाग’ची कथा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेली आहे. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘ऊनपाऊस’ (१९५४), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) अशा कौटुंबिक आणि भावनाप्रधान चित्रपटांच्या दिग्दर्शकाने रहस्यकथेकडे वळावे, ही त्या काळात लक्षणीय घटना होती. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या प्रमुख भूमिका असलेला हा चित्रपट पुढे तमिळमध्ये (१९६५) आणि राज खोसला यांच्या दिग्दर्शनाखाली ‘मेरा साया’ (१९६६) या नावाने हिंदीत गेला. कथेचा सांगाडा तोच राहिला. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो शोकात असतानाच गुन्हेगारांच्या टोळीबरोबर पकडली गेलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. खटला उभा राहतो. शेवटी उलगडते ते असे, की मेली ती पत्नीची जुळी बहीण, आणि जिला सर्वांनी तोतया ठरवले तीच खरी पत्नी.

या कथेतील उत्कंठेचे केंद्र कोठे आहे? ते खुनात नाही आणि पाठलागातही नाही. ते साक्षीच्या पिंजऱ्यात आहे. आपण पत्नी आहोत हे सिद्ध करायला त्या स्त्रीजवळ एकच पुरावा आहे, तो म्हणजे संसारातील खाजगी गोष्टी. जे फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असते, ते तिने भरल्या न्यायालयात बोलून दाखवायचे. जितके अधिक खाजगी, तितके अधिक विश्वसनीय. तिने मौन पाळले तर ती खोटी, आणि बोलली तर निर्लज्ज. प्रेक्षक मात्र पुढच्या तपशिलाची वाट पाहत असतो. किल्लीच्या भोकाला डोळा लावण्याची येथे गरजच नाही, कारण न्यायासनाच्या आज्ञेने दार सताड उघडले गेले आहे.

हिंदू विवाह अधिनियम १९५५ मध्ये लागू झाला. त्याच्या बाविसाव्या कलमात, पक्षकाराची इच्छा असल्यास वैवाहिक दाव्याची सुनावणी बंद दाराआड करण्याची तरतूद मूळातच होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती सक्तीची झाली. कायद्याने ज्या गोष्टीवर पडदा टाकायचे ठरवले, नेमकी तीच फौजदारी खटल्याच्या निमित्ताने पडद्यावर आली.

३

या अभिरुचीला एक नजीकची ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने नानावटींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय मानला नाही, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. या काळात न्यायालयाबाहेर गर्दी लोटत होती. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू लावून धरली होती आणि त्याच्या अंकांवर उड्या पडत होत्या. आरोपी नवरा होता, पण लोकांच्या कुतूहलाचा विषय मात्र त्याची पत्नी होती. तिची पत्रे न्यायालयात वाचली गेली आणि ती घरोघर पोहोचली. १९६३ मध्ये या प्रकरणावरून बेतलेला ‘ये रास्ते हैं प्यार के’ आला, १९६४ मध्ये ‘पाठलाग’. दोहोंत थेट कार्यकारणसंबंध आहे असे सुचवायचे नाही. तथापि बाईच्या खाजगीपणाचे जाहीर वाचन ऐकायला सरावलेला प्रेक्षक त्या वेळी सिद्ध होता, एवढे नक्की म्हणता येते.

४

‘पाठलाग’ची खरी तुलना ‘रिअर विंडो’शी नसून हिचकॉकच्याच ‘व्हर्टिगो’शी (१९५८) करायला हवी. दोन्हीकडे एक मेलेली स्त्री, तिच्यासारखी दिसणारी एक जिवंत स्त्री आणि ओळख पटवू पाहणारा एक पुरुष आहे. ‘व्हर्टिगो’त एकाच स्त्रीला दोन समजले जाते आणि ‘पाठलाग’मध्ये दोघींना एक. तेथील नायक जिवंत स्त्रीला मृत स्त्रीचे रूप देऊ पाहतो. येथील नायक मृत स्त्रीच्या निष्ठेपायी जिवंत स्त्रीला नाकारतो.

निर्णायक भेद रहस्यस्फोटाच्या जागेत आहे. त्र्यूफोशी झालेल्या प्रसिद्ध संवादात हिचकॉकने धक्का आणि उत्कंठा यांत फरक केला आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर तो धक्का. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर उत्कंठा. या न्यायाने ‘व्हर्टिगो’तील रहस्य नायकाच्या कितीतरी आधी प्रेक्षकाला सांगून टाकले जाते. त्या क्षणापासून आपण नायकाच्या नजरेतून बाहेर पडतो. तो त्या मुलीचे केस, कपडे बदलायला लावतो, तेव्हा आपल्याला त्या पाहण्याचीच शिसारी येते. ‘पाठलाग’ रहस्य शेवटपर्यंत राखून ठेवतो. परिणामी तिची उलटतपासणी चालू असता प्रेक्षक संशय घेणाऱ्यांच्याच रांगेत बसून राहतो. उलगडा होतो तो मीलनाच्या सुखात मिसळून. आपण जिला छळताना पाहिले ती निरपराध होती, याचा हिशेब मांडायला सवडच मिळत नाही. धक्का प्रेक्षकाला दोषमुक्त करतो. उत्कंठेने त्याला दोषी धरले असते.

५

हा हिशेब मराठीत मांडला गेला, पण तो रंगभूमीवर. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले आणि १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. त्याला रहस्यकथा कोणी म्हणत नाही. परंतु रचनेच्या दृष्टीने ती आरोप, साक्षी, पुरावे आणि अखेरीस उलगडा अशी रहस्यकथाच आहे. फरक इतकाच, की तेथे रहस्य म्हणजे बेणारे बाईंचे खाजगी आयुष्य, आणि ते उकलणारे सारे तिचे सहकारी. खेळ म्हणून सुरू झालेला खटला शिकारीत रूपांतरित होतो. बाई निघून जाऊ पाहते तर दाराला बाहेरून कडी बसलेली. शेवटी ती बोलते तेव्हा मंचावरील सारे गोठून गेलेले असतात. ऐकणारे आपणच उरतो. ‘पाठलाग’मधील स्त्री स्वतःला सिद्ध करण्यासाठी बोलते, बेणारे मात्र सिद्धतेची अटच नाकारून बोलते. साठच्या दशकातील मराठी प्रेक्षकाने तीनच वर्षांच्या अंतराने ही दोन न्यायालये पाहिली, हा योगायोग आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदवला जायला हवा.

६

प्रवरेच्या कालव्यावर आणि साखर कारखान्यांवर वाढलेल्या श्रीरामपूर परिसरात जुन्या पिढीने हे चित्रपट पाहिले ते बव्हंशी जत्रेतल्या तंबूत. मध्ये दोर किंवा कनात, एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका. एकच न्यायालय दोन बाजूंनी पाहिले जात होते. कनातीपलीकडच्या बायकांनी त्या साक्षीत काय ऐकले असेल, याची नोंद कोणत्याही परीक्षणात नाही.

पदव्युत्तर वर्गात ‘पाठलाग’वर चर्चा चालली असता एका विद्यार्थिनीने विचारले, की मेली असती ती खरी पत्नी आणि ही असती तिची बहीण, तर तिला त्या पद्धतीने प्रश्न विचारणे योग्य ठरले असते काय? वर्ग काही वेळ गप्प होता. चित्रपट तिच्या निरपराधित्वावर आपली सुटका करून घेतो. प्रश्न मात्र अपराधी स्त्रीच्याही खाजगीपणाचा आहे. चोरून पाहणाऱ्याला निदान आपण चोरी करतो आहोत एवढे भान असते. चारचौघांच्या नजरेला ते नसते, आणि रहस्यपटाच्या समीक्षेचे काम तेथूनच सुरू होते.